विषय एकच, तास वेगळे: कोल्हापुरात कॉलेजचा अभ्यास आणि समाजकाम कसं जुळवायचं

कोल्हापूरच्या पोरांना समाजकामाची गोडी लावावी लागत नाही. पंचगंगा पात्राबाहेर पडली की तालमीतली, मंडळातली, हॉस्टेलवरची मुलं कुणी न सांगता पळत सुटतात. चपात्या गोळा करतात, निवारा केंद्रात सतरंज्या टाकतात, म्हातारी माणसं पाठंगुळी घेऊन बाहेर काढतात. अडचण नंतर येते. ऑगस्टमध्ये आठवडाभर राबलेल्या मुलाची इंटर्नल बुडालेली असते आणि तोच मुलगा मार्चमध्ये सामाजिक प्रकल्प म्हणून सीनिअरची जुनी फाइल नवं कव्हर घालून जमा करतो. झालेलं काम कुठल्या वहीत नाही आणि वहीतलं काम कधी झालेलंच नाही, असा उलटा कारभार.

तो सुलटा करायचा तर अभ्यास एकीकडं आणि सेवा दुसरीकडं ही वाटणी सोडावी लागते. तुम्ही जो विषय शिकताय त्याच विषयाचा वस्तीत अडलेला प्रश्न शोधायचा आणि एक सत्र त्याच एका प्रश्नाला द्यायचं. मग संदर्भासाठी वाचलेलं फील्डवर उपयोगी पडतं आणि फील्डवर मोजलेलं अहवालात जातं. वेळ वाचतो तो असा. रोज दोन तास जास्त जागून तो वाचत नाही.

आधी आपल्या अभ्यासक्रमाचा कागद उघडा

बहुतेक विद्यार्थी ही पायरी गाळतात आणि पुढं सहा महिने "सर, ह्याचे मार्क मिळणार का?" असं विचारत फिरतात. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत आहेत आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यांच्या पदवीच्या रचनेत मेजर, मायनरबरोबर आणखी काही रकाने आले आहेत. त्यातले तुमच्या कामाचे तीन: सीसी म्हणजे सहअभ्यासक्रम, ज्यात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक असे पर्याय असतात, एफपी म्हणजे फील्ड प्रोजेक्ट, आणि सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंटचा भाग. कोणत्या सत्रात यातलं काय आहे आणि किती क्रेडिटचं आहे, हे आपल्या शाखेच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये स्वतः बघा. वर्गातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका, तिथं प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

हिशेब सोपा आहे. यूजीसीच्या चौकटीत वर्गातल्या शिकवण्याचं एक क्रेडिट १५ तासांचं, तर फील्डवरच्या किंवा समाजातल्या कामाचं एक क्रेडिट ३० तासांचं धरतात. म्हणजे दोन क्रेडिटच्या प्रकल्पाला ६० तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार तास होतात. शनिवारची एक दुपार आणि मध्ये एखादा तास, इतकंच.

एनएसएसचं गणित वेगळं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्यात स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं विशेष शिबिर करायचं असतं. इथंच गफलत होते. एकाच शनिवारचे चार तास एनएसएसच्या रजिस्टरमध्येही लावायचे आणि सीईपीच्या डायरीतही, हा मोह टाळा. विषय एकच ठेवा, वस्ती एकच ठेवा, पण तास वेगळे लिहा: अमुक तारखेची ग्रामसफाई एनएसएसमध्ये, अमुक तारखेचं सर्वेक्षण सीईपीत. पडताळणीत दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तरी घाम फुटणार नाही.

हजेरी हा तिसरा कागद. ७५ टक्क्यांचा नियम समाजकामासाठी आपोआप सैल होत नाही. कॉलेजनं पाठवलेल्या कामाला ड्यूटी लीव्ह मिळू शकते, पण ती आधी अर्ज करून, कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या सहीनं. नंतर मागितली की ती गैरहजेरीच ठरते.

पाऊस, ऊस आणि परीक्षा

कोल्हापुरात समाजकामाचं वेळापत्रक विद्यापीठ ठरवत नाही, हंगाम ठरवतो. विषम सत्र जूनअखेर-जुलैत सुरू होतं तेव्हा धो धो पाऊस असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुराची धास्ती, मग गणेशोत्सव, मग नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी, आणि लगेच परीक्षा. या सत्रात हातांची गरज असते: निवारा केंद्र, विसर्जनाच्या वेळी इराणी खणीवर निर्माल्य गोळा करणं, गर्दीचं नियोजन. हे काम दोन-चार दिवसांचं, अंगमेहनतीचं आणि शिस्तीचं. एनएसएसच्या तासांना अगदी योग्य. प्रकल्पाला मात्र अयोग्य, कारण पुराच्या पाण्यात उभं राहून कुणाची मुलाखत घेता येत नाही आणि घेऊही नये.

सम सत्र म्हणजे डिसेंबर ते एप्रिल. जमीन कोरडी, माणसं निवांत, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेली ऊसतोड कुटुंबं करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळच्या शिवारात कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकून राहतात आणि त्यांच्याबरोबर शाळा मध्येच सुटलेली पोरंही असतात. आठवडी, सलग, मोजता येण्याजोगं काम याच काळात होतं. म्हणून सरळ सांगतो: पुराचं काम कोरड्या दिवसांत करायचं. पूर आल्यावर करायची ती मदत. पुढच्या पुरात कुठल्या घराला किती आधी निघावं लागेल हे शोधायचं काम जानेवारीतलं.

विषयातून काम काढा

"आम्हाला कुठल्या वस्तीत पाठवताय?" असा प्रश्न घेऊन सरांकडं जाऊ नका. उलट्या बाजूनं सुरू करा. या सत्रात आपण काय मोजायला, लिहायला, तपासायला शिकतोय ते आधी लिहून काढा, मग त्याची गरज कुणाला आहे ते बघा.

मायक्रोबायोलॉजी किंवा केमिस्ट्रीवाल्यांना पाणी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या पाणी स्रोतांची वर्षात दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाला कुठलं कार्ड आहे हे गावातल्या दहा जणांना विचारा, मग कामाची गरज कळेल. एच-टू-एसची बाटली ही साधी चाचणी आहे: खुणेपर्यंत पाणी भरायचं, २४ ते ४८ तास ठेवायचं, पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याची दाट शक्यता. त्यातून प्रयोगशाळेची अंतिम खात्री होत नाही, पण कुठला नमुना आधी पाठवावा हे कळतं. क्लोरीनसाठी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट: त्याचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, नळापाशी उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं लागतं. टाकीजवळ पिवळा रंग गडद येतो आणि शेवटच्या गल्लीत येतच नाही, असं दिसलं तर तुमचा प्रकल्प सापडला.

इथं एक मर्यादा पाळा. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किती टाकायचं हे आरोग्य सेवक आणि गावचा जलसुरक्षक ठरवतील. तुम्ही विहिरीत पाणी किती आहे ते मोजून द्या. गोल विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर असेल तर ०.७८५ (पाय भागिले चार) गुणिले १६ (व्यासाचा वर्ग) गुणिले ५, म्हणजे सुमारे ६३ घनमीटर, म्हणजेच ६३ हजार लिटर. अनेक गावांत पावडर अंदाजानं, ओंजळीनं पडते, कारण हा आकडा कुणी काढून भिंतीवर लिहिलेलाच नसतो.

कॉमर्सवाल्यांनी बचत गट धरावेत. गटाच्या पंचसूत्रीत हिशेब लिहिणं हे एक सूत्र आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच सगळ्यांत दुबळं. गटाचं व्याज, थकबाकी, कॅशबुक नीट लावायला शिकवणं हे अकाउंट्सचं प्रॅक्टिकलच आहे. फक्त वही तुम्ही लिहून देऊ नका, लिहायला शिकवा. तुम्ही मे महिन्यात गावी जाल तेव्हा लिहिणारी गटातलीच कुणी बाई हवी. कायद्याच्या विद्यार्थ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची शिबिरं आहेत. इंजिनिअरिंग कॉलेजांपैकी अनेकांनी २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात गावं घेतलेली असतात, त्यांना नवीन गाव शोधायचंच कारण नाही. कॉम्प्युटरवाल्यांनी सरकारी पोर्टलवर अर्ज भरायला मदत करावी, पण दुसऱ्याचा ओटीपी, पासवर्ड आपल्या मोबाइलवर घेऊ नये, कितीही घाई असली तरी. मराठीच्या मुलांना वाटतं आपल्याला काहीच नाही. ऊसतोडीच्या कोप्यांवर संध्याकाळी वाचनवर्ग घेणं आणि त्या मुलांच्या बोलीतल्या गोष्टी लिहून काढणं हे भाषेच्या अभ्यासापलीकडचं काय आहे?

आणि भूगोल, संख्याशास्त्र, समाजशास्त्रवाल्यांसाठी माझ्या आवडीचं एक काम. ते सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या पायऱ्या त्याच्याच आधारानं समजतील.

गल्लीचा पूरतक्ता

पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. जुलै महिन्यात सगळं शहर हे आकडे तोंडपाठ म्हणतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की फोनाफोनी सुरू होते, "बंधाऱ्यावर किती झालं?" २०१९ आणि २०२१ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली होती.

पण ४३ फूट हा आकडा सगळ्या नदीसाठी आहे. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी कधी शिरतं आणि शाहूपुरीच्या एखाद्या गल्लीत कधी, यात पुष्कळ फरक आहे. सुतारवाड्यातली कुटुंबं शहरात बहुतेक सगळ्यांच्या आधी हलवावी लागतात. प्रयाग चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांची गणितं आणखी वेगळी. जुन्या माणसांना आपापल्या दाराचा आकडा माहीत असतो. नव्यानं भाड्यानं आलेल्याला नसतो. तर काम असं: एक गल्ली घ्यायची आणि प्रत्येक घरापुढं लिहायचं, बंधाऱ्यावर साधारण किती फूट झालं की या उंबऱ्याला पाणी लागतं.

आकडा दोन वाटांनी काढता येतो. पहिली वाट भिंतीवरची खूण. समजा एका पुराची शिखर पातळी ५६ फूट होती आणि त्या घरात पाणी उंबऱ्यापासून ६ फूट चढल्याचा डाग आहे. मग उंबऱ्याला पाणी साधारण ५० फुटांच्या सुमाराला लागलं असणार. हा अंदाज कच्चा आहे, कारण बंधाऱ्यापासून वस्तीपर्यंत पाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो आणि जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून पाणी मागं फुगतं ते आपल्या चालीनं. म्हणून दुसरी वाट: घरातल्या माणसाला विचारायचं, पाणी दारात आलं तो दिवस कोणता, सकाळ की रात्र? तारीख मिळाली की त्या दिवसाची बंधाऱ्यावरची पातळी जुन्या वर्तमानपत्रांत बघायची. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. अशा ग्रंथालयात जाऊन जुने अंक मागायची सवय या निमित्तानं लागली तर बरंच. दोन वाटांचे आकडे एक-दीड फुटाच्या आत जुळले तर तक्त्यात लिहा. नाही जुळले तर शेजारच्या घरी विचारा. का जुळत नाहीत याचं उत्तर शोधणं हाच तुमच्या अहवालाचा सगळ्यांत चांगला भाग होईल.

पहिला फेरा: हातात फॉर्म नको

वस्ती ठरली की पहिल्यांदा रिकाम्या हातानं जा. गावात असाल तर आधी ग्रामपंचायत, मग आशाताई आणि अंगणवाडी ताई. कुठल्या घरात आजारी माणूस आहे, कुठलं घर दिवसा बंद असतं, कुणाशी आधी बोललं तर बाकीची दारं उघडतील, हे आशाताईइतकं कुणाला माहीत नसतं. शहरात असाल तर तालीम किंवा मंडळाचे कार्यकर्ते. कोल्हापुरात पेठेत तालमीला वगळून काही करायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. ते स्वतः तुमच्या बरोबर चार घरं फिरले तर उरलेली चाळीस तुमची.

पूरग्रस्त वस्तीत हमखास विचारलं जाणारं एक वाक्य आधीच लक्षात ठेवा: "ह्यो फॉर्म भरून पैसं मिळणार हायत काय?" पंचनाम्याचे इतके कागद लोकांनी भरलेले असतात की कागद दिसला की अनुदान आठवतं. उत्तर गुळमुळीत देऊ नका. "नाही मावशी, पैशाचं आमच्या हातात काही नाही. आम्ही कॉलेजची मुलं. तुमच्या दाराला पाणी कधी लागतं ते लिहून घेतोय. तक्ता झाला की तुम्हाला आणून देणार." काही जण तिथंच दार लावून घेतील. लावू देत. आशा दाखवून मिळवलेली माहिती तशीही खोटी निघते, कारण मग पाणी प्रत्येकाच्या घरात दोन फूट जास्त चढलेलं असतं.

आणखी एक ऐकायला मिळेल: "मागं बी आलती पोरं, लिवून घेऊन गेली." ते गेलेले परत आले नाहीत, हा त्याचा अर्थ. म्हणून परत कधी येणार याची तारीख पहिल्याच दिवशी सांगा आणि ती पाळा.

वेळ त्यांच्या सोयीची. ऊसतोड कामगार पहाटे अंधारात बाहेर पडतात, संध्याकाळी परततात आणि मग चूल पेटते. एमआयडीसीतल्या कामगाराची आठवड्याला शिफ्ट बदलते. दुपारी दोनची वेळ तुमच्या टाइमटेबलला बरी असते, त्यांना नाही.

एका पानाचा प्रस्ताव

मार्गदर्शक शिक्षकांकडं बोलायला जाऊ नका, एक पान लिहून न्या. त्यांच्या हाताखाली असे पाच-सहा गट असतात आणि लिहिलेलं पान असेल त्याच गटाकडं त्यांचं नीट लक्ष जातं. पानावर इतकं पुरे:

"सुतारवाड्यातील एका गल्लीतील घरांसाठी, राजाराम बंधाऱ्यावरील पातळी आणि घराला पाणी लागण्याची वेळ यांचा तक्ता तयार करणे. गट पाच जणांचा. अभ्यासक्रमातील संबंध: नकाशावाचन, सर्वेक्षण, आपत्ती व्यवस्थापन. कालावधी जानेवारी ते मार्च, दर शनिवारी दुपारी साडेतीन ते साडेसहा. वस्तीत संपर्क: तालमीचे कार्यकर्ते. वस्तीला मिळणार: छापील तक्ता. कॉलेजला मिळणार: अहवाल आणि मूळ नोंदी."

"जनजागृती करणे" हे शब्द प्रस्तावात दिसले की मी पेन उचलतो. जागृती झाली की नाही हे कुणालाच मोजता येत नाही, आणि सुतारवाड्यातल्या माणसाला पुराबद्दल जागृत करायला आपण कोण?

साठ तास कुठं जातात

विद्यार्थी सगळे तास फील्डला लावतात आणि अहवाल शेवटच्या रात्री लिहितात. त्याऐवजी सुरुवातीलाच वाटणी करा. तयारी आणि पहिले फेरे आठ तास, वस्तीतलं काम छत्तीस, आकडे लावणं आणि लिहिणं दहा, तक्ता वस्तीत नेऊन दाखवणं आणि दुरुस्त करणं सहा. हा शेवटचा आकडा कुणी धरतच नाही, म्हणून लोकांना काहीच परत मिळत नाही.

गट चार-पाच जणांचा ठेवा. दोघं दोघं फिरा: एक बोलणार, एक लिहिणार. घरात बायकाच असतील तर जोडीत एक मुलगी असलेली बरी. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींनी रेक्टरना तारखांची यादी आधीच द्यावी, दर शनिवारी नवा वाद नको. केएमटीची किंवा गावाकडची शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघूनच वेळ ठरवा. जे 'कमवा आणि शिका' योजनेत काम करतात त्यांचे दिवसातले काही तास आधीच गेलेले असतात; त्यांनी लांबचं गाव घेऊ नये, कॅम्पसच्या आसपासची वस्ती घ्यावी. खर्चाचंही आधीच बोला. झेरॉक्स, बसभाडं, चाचणीच्या बाटल्या याला पैसे लागतात आणि ते गुपचूप गटातल्या एकाच्याच खिशातून जातात.

इंटर्नलचा आठवडा आणि परीक्षेआधीचे तीन आठवडे फील्ड बंद. तसं वस्तीतही सांगून ठेवा. लोकांना परीक्षा कळते, न सांगता गायब होणं कळत नाही.

वही

हा सगळ्या पद्धतीचा कणा आहे. काम झाल्यावर त्याच दिवशी, शक्यतो घरी पोचायच्या आत, अर्धं पान. नोंद अशी दिसते:

"१७ जानेवारी, शनिवार. दु. ३.३० ते ६.००. घर क्र. ९ ते १४. घर ११ बंद. घर ९: २०२१ ची खूण दाराच्या बिजागरीच्या वर, उंबऱ्यापासून ५ फूट ८ इंच. घरच्यांच्या मते पाणी पहाटे आलं, तारीख नक्की आठवत नाही; त्या दिवशी शेजारच्या घरचं बारसं रद्द झालं होतं. शेजारी विचारणे. घर १२ मधल्या आजोबांनी २००५ ची खूण दाखवली, पण तेव्हा फरशी खाली होती, नंतर भर टाकली. म्हणजे जुन्या खुणा तशाच धरता येणार नाहीत. पुढच्या वेळी: टेप, खडू, घर ११."

बघा, या अर्ध्या पानात पद्धतीतली एक अडचण सापडली आहे. भर टाकून उंच केलेल्या घरांत दोन पुरांच्या खुणांची थेट तुलना चालत नाही. "आज आम्ही सर्वेक्षण केले, लोकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, खूप शिकायला मिळाले" असल्या नोंदीतून हे कधीच सापडलं नसतं. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक वही उलटतात तेव्हा असंच एखादं पान त्यांना थांबवतं.

वहीवर वस्तीतल्या कुणाची तरी सही घ्या, पण दर वेळी नको. महिन्यातून एकदा पुरे. दर शनिवारी सहीसाठी कागद पुढं केला की तुमचा हेतू तोच वाटायला लागतो.

फोटो, नावं आणि स्वतःचा जीव

फोटो कामाचा काढा, माणसाच्या गरजेचा नको. भिंतीवरची खूण आणि तिला लावलेला टेप हा पुरावा आहे. धान्याचं किट घेताना खाली मान घातलेली बाई हा पुरावा नाही. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत आणि स्टेटसला तर ठेवूच नयेत. अहवालात घराला क्रमांक द्या, नाव नको. आजार, कर्ज, घरातली भांडणं कानावर आली तर ती तिथंच ठेवा.

पावसाळ्यात मदतीला जाल तेव्हा वाहत्या पाण्यात उतरायचं नाही. बोट, दोर, सुटका हे एनडीआरएफ आणि अग्निशमन दलाचं काम आहे. त्यांनाच आणखी चार जणांना वाचवायला लावू नका. निवारा केंद्रात कामाला तोटा नसतो: आलेल्या कुटुंबांची नोंद, कुणाला कुठली रोजची गोळी लागते त्याची यादी, मुलांना गुंतवून ठेवणं. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर गमबूट घाला, पायाला जखम असेल तर मुळीच जाऊ नका आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात गेल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यावरूनच येतो.

अहवाल, आणि नंतर

अहवाल पंचवीस पानांपेक्षा मोठा नको. त्यात पंचगंगेचा उगम, प्रस्तावना, आभार, समाजसेवेचं महत्त्व यावर पहिली दहा पानं खर्च करू नका. प्रश्न काय होता, कसा मोजला, काय आढळलं, कुठं खात्री नाही. हे "कुठं खात्री नाही" प्रामाणिकपणे लिहिणारा गट मला तरी अजून नापास झालेला आठवत नाही. कॉलेजला कॉपी द्या आणि क्रेडिट आपल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन) खात्यावर चढलं का ते सत्र संपल्यावर स्वतः तपासा. तिथं राहिलं तर ऑफिसात पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे, आणि तो शेवटच्या वर्षी करण्यापेक्षा त्याच महिन्यात सोपा असतो.

मूळ नोंदी, एक्सेल फाइल आणि अपुऱ्या राहिलेल्या घरांची यादी पुढच्या वर्गाकडं द्या, शक्यतो त्यांना एकदा बरोबर वस्तीत नेऊन. फाइल नुसती मेल केली तर त्यांचाही पहिला महिना तीच दारं वाजवण्यात जातो. ते पुढची गल्ली घेतील. तीन-चार वर्षांत एका वस्तीचा पुरा तक्ता उभा राहतो आणि मग तो महापालिकेच्या आपत्ती कक्षाकडं घेऊन जाण्यात काही अर्थ असतो.

वस्तीतला तक्ता मात्र अहवालाची वाट बघत थांबवू नका. एप्रिलमध्ये कच्चा छापा, संध्याकाळी चौकात किंवा तालमीत बसून लोकांपुढं वाचा. कुणीतरी म्हणेलच, "आमचं अठ्ठेचाळीस न्हाई, सत्तेचाळीसलाच येतंय." त्याच्याशी हुज्जत घालू नका, पुन्हा मोजा. दुरुस्त केलेला तक्ता लॅमिनेट करून मेअखेर लावा, पहिल्या वळवानं भिजणार नाही अशा जागी. आकडे लांबून वाचता येतील एवढे मोठे. कॉलेजचं नाव खाली कोपऱ्यात, बारीक.